वऱ्हाड सोडू पाहणारी पिढी

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्क्यांहून थोडी अधिक होती, तर अकोला आणि अमरावती हे दोन वऱ्हाडी जिल्हे अनुक्रमे ८८ आणि ८७ टक्क्यांसह राज्यातील सर्वाधिक साक्षर जिल्ह्यांच्या पंगतीत होते. त्याच जनगणनेतील लोकसंख्यावाढीचा तक्ता पाहिला, तर २००१ ते २०११ या दशकात राज्याची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी आणि पुणे जिल्ह्याची सुमारे ३० टक्क्यांनी वाढलेली दिसते, या दोन जिल्ह्यांची मात्र सुमारे ११ टक्क्यांनीच. जन्मदरातील घट हे या मंद वाढीचे एक कारण आहेच, आणि त्या घटीमागेही शिक्षणाचा हात आहे. तरीही एवढ्याने सगळा उलगडा होत नाही, कारण दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, अचलपूर, चांदूर बाजार अशा तालुक्यांतील कोणत्याही गावात पदवीपर्यंत पोहोचलेल्या मुलांचा हिशेब मांडला, तर त्यांतील बरेचजण गावाबाहेर आढळतात आणि जे गावात आहेत त्यांपैकी अनेकांचे मन गावाबाहेर असते. या लेखाचा विषय हा दुसरा गट आहे. माणसे गाव का सोडतात याची उत्तरे बऱ्याच प्रमाणात ठरून गेलेली आहेत. गाव सोडण्याची इच्छा कशी तयार होते, ती कोणाची असते आणि ती पुरी न झालेल्यांचे काय होते, हे प्रश्न त्या मानाने दुर्लक्षित राहिले आहेत.

स्थलांतराच्या अभ्यासात या इच्छेला स्वतंत्र स्थान मिळाले ते प्रामुख्याने योर्गन कार्लिंग या नॉर्वेजियन अभ्यासकामुळे. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यासमोरील केप व्हर्दे या द्वीपराष्ट्राचा अभ्यास करताना त्यांनी २००२ मध्ये अशी मांडणी केली की, स्थलांतर ही एक घटना नसून तिचे दोन टप्पे असतात: आधी जाण्याची आकांक्षा आणि मग ती पुरी करण्याची क्षमता. ज्यांच्याकडे दोन्ही असते ते जातात. ज्यांना जायचेच नसते ते राहतात. आणि ज्यांच्याकडे आकांक्षा असते पण पैसा, परवाना, ओळख किंवा पात्रता नसते, ते इच्छेविरुद्ध जागच्या जागी अडकून पडतात. या तिसऱ्या अवस्थेसाठी त्यांनी वापरलेली संकल्पना मराठीत अनैच्छिक अचलता अशी मांडता येईल. जनगणनेच्या दृष्टीने असा माणूस स्थलांतरित नसतो, आणि तरीही त्याच्या आयुष्याची सारी रचना स्थलांतराच्या अपेक्षेवर उभी असते.

ही अवस्था आजच्या जगात सर्वांत ठळकपणे दिसते ती सोमाली तरुणांमध्ये. १९९१ मध्ये सियाद बारे यांची राजवट कोसळल्यावर सोमालियातील शासनयंत्रणा विस्कटली, लाखो लोक केनियातील दादाब आणि इतर छावण्यांत गेले आणि उत्तरेकडील सोमालीलँडने त्याच वर्षी स्वतःला स्वतंत्र घोषित केले. युद्ध आणि दुष्काळ यांमुळे लोक पळाले, हे समजण्यासारखे आहे. पण तुलनेने शांत असलेल्या सोमालीलँडमधूनही, जेथे १९९८ नंतर बोरामा आणि हर्गेसा येथे विद्यापीठे उभी राहिली, पदवीधर मुले इथिओपिया, सुदान आणि लिबियाच्या वाळवंटातून युरोपच्या दिशेने निघतात, याचे स्पष्टीकरण युद्धाने होत नाही. अशा बेकायदा आणि जीवघेण्या प्रवासाला तेथे तहरीब म्हणतात. नीमो-इल्हान अली यांनी २०१६ मध्ये या प्रवासाचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात बेकारीबरोबर आणखी एक गोष्ट पुढे आली: गेलेल्या मित्रांची समाजमाध्यमांवर दिसणारी नवी आयुष्ये आणि त्यांच्या तुलनेत आपण मागे पडल्याची जाणीव. मुलगा बहुधा घरी न सांगता निघतो, दलाल त्याच्याकडून आधी पैसे मागत नाही, आणि लिबियात पोहोचल्यावर त्याला ओलीस धरून कुटुंबाला फोन केला जातो. मग जमीन, जनावरे, गाडी असे जे असेल ते विकून कुटुंब खंडणी भरते.

वऱ्हाडातील तरुणाच्या वाट्याला असे वाळवंट नाही, खंडणीखोर नाही आणि समुद्रही नाही, त्यामुळे दोन्हींची सरसकट बरोबरी करणे त्या मुलांवर अन्याय करणारे ठरेल. तरीही या तुलनेतून एक गोष्ट स्पष्ट होते. दोन्हीकडे सर्वांत गरीब आणि सर्वांत कमी शिकलेला माणूस दूरच्या स्थलांतराच्या आघाडीवर नसतो. आघाडीवर असतो तो शाळा-महाविद्यालयातून गेलेला, ज्याला शिक्षणाने एका वेगळ्या आयुष्याचे वचन दिले आणि ज्याच्या भोवतीच्या अर्थव्यवस्थेला ते वचन पाळता आले नाही, असा तरुण. फरक निर्णयाच्या मालकीत आहे. सोमाली मुलगा कुटुंबाला अंधारात ठेवून निघतो आणि कुटुंब नंतर किंमत मोजते. वऱ्हाडात मात्र निघण्याचा निर्णय बहुतेक वेळा कुटुंबच घेते, मुलगा दहावीला असतानाच घेते, आणि किंमत आधीपासून हप्त्याहप्त्याने मोजत राहते.

हे समजून घेण्यासाठी आधी लक्षात घ्यायला हवे की वऱ्हाड हा माणसे बाहेर पाठवणारा प्रदेश म्हणून कधी ओळखला जात नव्हता; उलट तो माणसे ओढून घेणारा प्रदेश होता. १८५३ च्या करारान्वये निजामाने हा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली दिला, १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतील कपाशीला एकाएकी जागतिक बाजार लाभला. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे अकोला आणि बडनेरा मार्गे नागपूरला पोहोचली, खामगाव आणि अमरावती या कापूसपेठांसाठी जोडफाटे निघाले, सरकी वेगळी करून रुईच्या गाठी बांधणारे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने जागोजागी उभे राहिले. १८८६ मध्ये कारंजा येथे देशातील पहिली नियमित बाजारपेठ सुरू झाली आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. मारवाडी आणि कच्छी व्यापारी येथे स्थायिक झाले, आसपासच्या प्रदेशांतून मजूर येथे वेचणीला आले. वऱ्हाडाला सोन्याची कुऱ्हाड म्हणण्याची रीत याच सुबत्तेशी जोडली जाते. १८९७ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीला भरले, ते या शहरातील वकील आणि व्यापारी वर्गाच्या बळावर.

या पार्श्वभूमीवर शिक्षणाचा अर्थही वेगळा होता. पापळ गावच्या शेतकरी कुटुंबातील पंजाबराव देशमुख १९२० च्या दशकात ब्रिटनमध्ये शिकून बॅरिस्टर झाले, डॉक्टरेट मिळवली आणि अमरावतीला परतले. १९३० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी उभारलेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेने कुणबी, माळी, तेली आणि दलित घरांतील मुलांना गावाजवळ शाळा आणि वसतिगृहे दिली, आणि पुढे ते स्वतः स्वतंत्र भारताचे कृषिमंत्री झाले. त्यांच्या कल्पनेत शिकलेला मुलगा शेतीकडे पाठ फिरवणारा नव्हता. शिक्षणाने शेतकऱ्याची प्रतिष्ठा वाढावी आणि शेतकऱ्याच्या घरातून प्रशासक, वकील, शास्त्रज्ञ निघावेत, अशी ती दुहेरी अपेक्षा होती. १९६९ मध्ये अकोल्याला स्थापन झालेल्या आणि त्यांचेच नाव लाभलेल्या कृषी विद्यापीठामागेही हीच अपेक्षा होती. काही दशके ती निभावलीही, कारण शाळा, जिल्हा परिषद, वीज मंडळ, पाटबंधारे, एसटी, सहकारी बँक आणि जिनिंग सोसायटी यांनी शिकलेल्यांना घरापासून सायकलच्या टप्प्यात नोकऱ्या दिल्या. सकाळी वावरात आणि अकरा वाजता कार्यालयात, असे जगणारी एक पूर्ण पिढी वऱ्हाडात होऊन गेली, आणि आजच्या तरुणांचे वडील किंवा आजोबा अनेकदा त्याच पिढीचे असतात.

१९८३ या वर्षी दोन गोष्टी घडल्या. अमरावती विद्यापीठ स्थापन झाले, आणि राज्याने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिल्यानंतर बडनेरा आणि शेगाव येथे अशी महाविद्यालये सुरू झाली. त्यापूर्वी अमरावतीत १९६४ चे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय तेवढे होते. पुढील वीस-पंचवीस वर्षांत पदव्यांचा पुरवठा अनेक पटींनी वाढला आणि नेमक्या त्याच काळात जवळच्या नोकऱ्या आटत गेल्या. शासकीय भरती मंदावली, अनुदानित शाळांतील पदे गोठली, अकोल्यातील जुन्या कापडगिरण्या बंद पडल्या, आणि अचलपूरला नव्याने उभारलेली फिनले मिल २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती पुन्हा नीट उभी राहू शकली नाही. अभियंता झालेल्या मुलासमोर पुणे, बंगळुरू किंवा हैदराबाद एवढेच पर्याय उरले. वऱ्हाडातील महाविद्यालये अशा रीतीने, कोणी ठरवलेले नसताना, बाहेर जाणाऱ्यांची तयारी करून घेणाऱ्या संस्था बनल्या. एखादे महाविद्यालय आपली गुणवत्ता सिद्ध करायला आज जी आकडेवारी मांडते, ती पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांत लागलेल्या मुलांची असते; गावात परतून उभ्या राहिलेल्यांची यादी कोणी छापत नाही.

शेतीची बाजू याहून गुंतागुंतीची आहे. महाराष्ट्रातील सरासरी वहितीचे क्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते, ते २०१५-१६ च्या कृषिगणनेत १.३४ हेक्टरवर आले. म्हणजे आजोबांकडे दहा एकर असेल, तर नातवाच्या वाट्याला तीन-साडेतीन एकर येते, आणि वऱ्हाडात ते बहुतांशी कोरडवाहू, म्हणजे केवळ पावसावर अवलंबून असते. दांडेकर समितीने १९८४ मध्ये सिंचनाचा अनुशेष, अर्थात राज्याच्या सरासरीच्या तुलनेत मागे राहिलेले काम, मोजून दाखवला होता. त्यानंतर १९९४ मध्ये विकास मंडळे आली, २०१३ मध्ये केळकर समितीचा अहवाल आला, आणि अमरावती विभागाचा अनुशेष तरीही चर्चेत राहिला. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात तर प्रश्न आणखी मूळचा आहे. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांतील शेकडो गावांच्या या पट्ट्यात भूजलच खारे असल्याने विहीर खोदून ओलीत करण्याचा मार्ग बंद असतो आणि पिण्याचे पाणीसुद्धा वानसारख्या दूरच्या धरणांवरून, ८४ खेडी योजनेसारख्या नळयोजनांनी आणावे लागते. अशा गावातल्या मुलाला शेतीत नवे काही करून पाहण्याचा सल्ला देणे सोपे असते. पाणी देणे अवघड असते.

पिकांनीही तरुणांचे वेळापत्रक बदलले आहे, ज्याकडे अर्थतज्ज्ञांचे फारसे लक्ष जात नाही. कपाशीचे पीक जूनमध्ये पेरले की पहिल्या वेच्यापासून उलंगवाडीपर्यंत, म्हणजे शेवटची वेचणी आटोपून पऱ्हाटी उपटण्याच्या वेळेपर्यंत, घरातल्या सगळ्यांना माघ-फाल्गुनापर्यंत काम पुरवी. १९९० नंतर पसरलेले सोयाबीन शंभर-एकशेदहा दिवसांत निघते. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोंगणी होते, हडंबा नावाचे मळणीयंत्र काही तासांत ढीग उरकते, आणि पाणी नसेल तर पुढचा खरीप येईपर्यंत वावर रिकामे असते. शेती ही वर्षभराची ओळख न राहता चार महिन्यांचे काम झाली, की उरलेल्या आठ महिन्यांत आपण कोण, हा प्रश्न पंचविशीतल्या मुलाला पडणारच.

भावांतील चढउतारांनी या प्रश्नाला धार आणली. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीनचा क्विंटलचा भाव १०,००० रुपयांच्या वर गेला होता. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजारात त्याहूनही कमी दर मिळाला. कापसाने २०२२ च्या आरंभी १०,००० चा टप्पा ओलांडला आणि पुढच्या दोन हंगामांत तो बराच खाली आला. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क काढले, ते नव्या कापसाच्या तोंडावर. १९७२ ची कापूस एकाधिकार खरेदी योजना सदोष होती, तिच्यावर शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने रास्त टीका केली, पण कापूस कोणत्या भावाने जाईल हे कास्तकाराला तेव्हा आधी ठाऊक असे. २००२ नंतर बीटी वाण आले, २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने त्यांनाही जुमानले नाही. मधल्या काळात शेतकरी आत्महत्यांनी हा प्रदेश देशभर ओळखला जाऊ लागला आणि २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. आज विशी-पंचविशीत असलेली मुले त्याच वर्षांत लहानाची मोठी झाली. शेतीविषयीचे त्यांचे मत कोणत्याही अहवालावरून बनलेले नाही; ते घरातल्या रात्रीच्या बोलण्यातून, सावकाराच्या आणि बँकेच्या तगाद्यातून आणि शेजारच्या घरातल्या मृत्यूतून बनले आहे. वावरात काही राहिले नाही, हे वाक्य त्यांनी प्रथम स्वतःच्या वडिलांच्या तोंडून ऐकलेले असते, आणि आकांक्षेची सुरुवात तेथे होते.

परंतु केवळ अर्थकारणाने ही इच्छा एवढी तीव्र झाली नसती. तिला धार दिली ती लग्नाच्या बाजाराने. अमरावती-अकोल्यात होणाऱ्या कोणत्याही समाजाच्या परिचय मेळाव्यातील पुस्तिका चाळली तर वराच्या माहितीत कंपनीचे नाव, शहर आणि वार्षिक पॅकेज आधी येते, आणि शेती असल्याचा उल्लेख शेवटी, जोडीच्या पात्रतेसारखा येतो. मुलीकडच्यांची अपेक्षा बहुधा अशी असते की मुलाच्या नावावर शेती असावी, पण तो ती करणारा नसावा. यात मुलींना किंवा त्यांच्या आईवडिलांना दोष देण्याची जी सवय गावोगावी लागली आहे, ती अन्यायाची आहे. ज्या आईने चाळीस वर्षे निंदण-खुरपण, वेचणी, गोठा आणि चूल यांत घालवली आणि जिच्या नावावर सातबाऱ्यात एक गुंठाही आला नाही, तिने मुलीला त्या वाटेने पाठवू नये असे ठरवले, तर तो तिच्या अनुभवाने घेतलेला अत्यंत विवेकी निर्णय आहे.

परिणाम मात्र तरुणांच्या बाजूने कठोर आहे. शेती करणारा तिशी ओलांडलेला अविवाहित मुलगा हा आता वऱ्हाडातील जवळजवळ प्रत्येक गावाचा भाग झाला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी बाशिंग बांधून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला, तेव्हा राज्यभर त्याची करमणूक म्हणून चर्चा झाली. प्रत्यक्षात २०११ मध्ये राज्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली ८९४ इतक्याच राहिल्या होत्या, आणि त्या मुलांचे लग्नाचे वय आता जवळ येत आहे. त्यामुळे पुण्यात बारा-पंधरा हजार रुपयांवर कंत्राटी काम करणारा मुलगा गावात चार एकर नीट कसणाऱ्या मुलापेक्षा लग्नाच्या दृष्टीने वरचढ ठरतो, मग दोघांची खरी मिळकत काहीही असो. नोकरी हे येथे उत्पन्नाच्या आधी प्रौढत्वाचे प्रमाणपत्र झाले आहे. सोमाली समाजातही लग्नाचा खर्च आणि घर उभे करण्याची ऐपत नसलेला तरुण प्रौढ मानला जात नाही, आणि तहरीबच्या मुळाशी ही कोंडी असल्याचे अभ्यासक सांगतात. दोन इतक्या वेगळ्या समाजांत हे साम्य आढळावे, याची नोंद घ्यायला हवी.

मुलींची आकांक्षा तर आकडेवारीत जवळजवळ अदृश्य असते. जनगणना स्थलांतराचे कारण विचारते तेव्हा काम, व्यवसाय, शिक्षण, विवाह असे पर्याय असतात, आणि स्त्रियांच्या बाबतीत विवाह हे उत्तर बाकी सगळे झाकून टाकते. दर्यापूरकडची विज्ञानाची पदवीधर मुलगी पुण्यातील नोकरदाराशी लग्न करते आणि तेथे जाऊन दोन वर्षांत स्वतः नोकरी धरते, तेव्हा तिच्या दृष्टीने लग्न हा तिला उपलब्ध असलेला एकमेव परवाना असतो. तक्त्यात मात्र ती नवऱ्यामागे गेलेली म्हणून नोंदली जाते. २०२४ पासून राज्याने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ केले आहे. या निर्णयाने मुलींच्या हाती लग्नाखेरीज दुसरा मार्ग येण्याची शक्यता आहे, पण वसतिगृहाचे आणि जेवणाचे पैसे देण्याआधी घरात मुलगा की मुलगी हा विचार अजून होतोच.

आकांक्षा सर्वत्र पसरली असली तरी क्षमता सारखी वाटली गेलेली नाही. बागायती पट्ट्यातील, विशेषतः वरूड-मोर्शीकडील संत्र्यांच्या बागा असणारे कुटुंब मुलाला पुण्याला चार वर्षे पोसू शकते आणि वेळ पडल्यास परदेशी पदव्युत्तर शिक्षणासाठी जमिनीवर कर्ज काढू शकते. भूमिहीन बौद्ध कुटुंबाकडे तारण ठेवायला जमीन नसते. त्याच्यासाठी बाहेर पडण्याचा मार्ग शिष्यवृत्ती आणि राखीव जागा यांतूनच गेला आहे, आणि म्हणून शासकीय पदांचे कंत्राटीकरण त्याला सर्वांत जास्त जाचते. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या जागा संपूर्ण राज्यासाठी ७५ आहेत. मुंबईत जन्मलेले मानवशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी २००४ मध्ये असे मांडले की, आकांक्षा धरण्याची क्षमता हीसुद्धा समाजात विषम वाटलेली असते, कारण पुढची पायरी कोणती हे ज्याच्या ओळखीत कोणी चढून दाखवलेले असते त्यालाच कळते. बुलडाणा जिल्ह्यातील राजू केंद्रे यांनी २०१७ मध्ये सुरू केलेली एकलव्य ही संस्था पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना नेमकी ही पायरी दाखवण्याचे काम करते, आणि तिचे महत्त्व पैशाच्या मदतीपेक्षा या ओळखीत आहे.

मेळघाटातील कोरकू आदिवासींचे स्थलांतर या चित्रात बसत नाही, आणि ते जबरदस्तीने बसवूही नये. चिखलदरा आणि धारणी तालुक्यांतील कुटुंबे खरिपानंतर खाली मैदानात मजुरीसाठी उतरतात आणि होळीला डोंगरात परततात. ही पोटाची फेरी आहे. पण एका अर्थाने ती पुण्याच्या वाटेला जोडलेली आहे: ज्या वावरांतून शिकलेली मुले निघून गेली, तेथे सोयाबीनच्या सोंगणीला आणि कपाशीच्या वेचणीला आता डोंगरातील आणि मध्य प्रदेशातील मजूर येतात. जमीन मालकाच्या नावावर राहते, मक्त्याने म्हणजे ठरावीक रकमेवर किंवा बटईने म्हणजे वाट्यावर दुसऱ्याला जाते, आणि कसणाऱ्याचे नाव कोठेच नसल्याने पीककर्ज, विमा आणि अनुदान त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

पुण्याला पोहोचलेल्यांचे जीवनही आकांक्षेशी जुळणारे असतेच असे नाही. हिंजवडीतील संगणक अभियंता आणि चाकण किंवा रांजणगावच्या कारखान्यात ठेकेदारामार्फत लागलेला आयटीआय झालेला मुलगा हे दोघे गावाकडे सारखेच कंपनीत असतात, परंतु दुसऱ्याला कॉट बेसिसवर एका खोलीत सहा-सातजणांसह राहावे लागते, मेसचा डबा घ्यावा लागतो आणि काही महिन्यांनी कामावरून ब्रेक दिला की नवा ठेकेदार शोधावा लागतो. मार्च २०२० च्या टाळेबंदीत हीच मुले गावी परतली, आणि कारखाने उघडताच बहुतेक पुन्हा निघून गेली. १ जुलै २०२३ च्या पहाटे नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली आणि २५ प्रवासी जळून मरण पावले. त्यांत शिक्षण आणि नोकरीसाठी निघालेले तरुण बरेच होते. विदर्भातून रोज रात्री सुटणाऱ्या ट्रॅव्हल्समध्ये कोण बसलेले असते, हे त्या यादीने राज्याला दाखवले.

पैशाची दिशा हा तर सर्वांत कमी चर्चिलेला भाग आहे. सोमालियात परदेशी गेलेल्यांनी पाठवलेला पैसा हा असंख्य घरांचा मुख्य आधार आहे. केरळमध्येही आखातातून आलेल्या पैशाने गावे बदलली. वऱ्हाडात मात्र बराच काळ पैसा उलट दिशेने वाहतो. सोयाबीन विकून आलेल्या रकमेतून खोलीचे भाडे, मेस, शिकवणी आणि परीक्षा शुल्क जाते; मुलगा कमावता झाला की पगारातून फ्लॅटचा हप्ता सुरू होतो; आणि फ्लॅटच्या पहिल्या रकमेसाठी गावचे एखादे एकर विकले जाते. अशा रीतीने कोरडवाहू शेतीची आधीच तुटपुंजी बचत पुण्याच्या बांधकाम व्यवसायात जाऊन पडते. कुटुंबाच्या दृष्टीने यात तोटा नाही, कारण जमिनीपेक्षा फ्लॅटची किंमत लवकर वाढेल असे मानले जाते. प्रदेशाच्या दृष्टीने मात्र माणूस आणि भांडवल दोन्ही एकाच वेळी निघून जातात.

जे जाऊ शकत नाहीत ते अभ्यासिकेत बसतात. अमरावती आणि अकोल्यातच नव्हे तर तालुक्याच्या गावांतही महिन्याच्या शुल्कावर खुर्ची-टेबल देणाऱ्या अभ्यासिका उभ्या राहिल्या आहेत, आणि पहाटे गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर भरतीसाठी धावणाऱ्या मुलामुलींच्या रांगा दिसतात. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी १० लाखांहून अधिक अर्ज आले, म्हणजे एका जागेमागे दोनशेहून जास्त. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी १७ लाख ७६ हजार अर्ज होते. राज्यसेवा परीक्षेची वयोमर्यादा खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षे असल्याने ही प्रतीक्षा पंधरा वर्षेही चालू शकते. या काळात मुलगा बेकार नसतो, शेतकरीही नसतो, आणि घरच्यांना त्याची ओळख तयारी करतोय अशी करून देता येते. कार्लिंग यांनी केप व्हर्देच्या बेटांवर जी अनैच्छिक अचलता पाहिली, तिचे वऱ्हाडी रूप ते हेच. याकडे आळस म्हणून पाहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की शेतीतून सन्मान हरवला, जवळची नोकरी हरवली आणि दूरच्या नोकरीसाठी भांडवल नाही, अशा तरुणाला परीक्षा हा एकमेव दरवाजा उघडा दिसतो आणि तोही दरवर्षी किंचित किलकिला होतो.

शासनाची या आकांक्षेबाबतची भूमिका दुहेरी आहे. एकीकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याला १० हजार कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार झाला, म्हणजे बाहेर जाणे हे धोरण झाले. दुसरीकडे अमरावतीजवळच्या नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीजवळ पीएम मित्र वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली, अमरावतीचे बेलोरा विमानतळ १६ एप्रिल २०२५ रोजी सुरू झाले, समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. अकोल्याच्या शिवणी विमानतळाच्या धावपट्टीचा विस्तार मात्र दीर्घकाळ रखडला. रस्ते आणि विमाने माणसाला थांबवत नाहीत, ती त्याची वाट सोपी करतात, आणि त्यात गैर काही नाही. कापूस पिकवणाऱ्या प्रदेशात सूत, कापड आणि कपडे तयार झाले तर नोकऱ्या निर्माण होतील, हे दीडशे वर्षे सांगितले जात आहे. पण त्या नोकऱ्या ठेकेदारामार्फत, ब्रेक देत, बारा हजारांवर मिळणार असतील, तर नांदगाव पेठ आणि चाकण यांत मुलगा चाकणच निवडेल, कारण चाकणला राहून लग्न तरी ठरते.

या मुलांनी राहावे, असा आग्रह धरण्याचा अधिकार कोणालाही नाही. ज्यांना जायचे आहे त्यांना सुरक्षितपणे, पुऱ्या पगारावर आणि कर्जाखाली न दबता जाता यावे, आणि ज्यांना खरे तर राहायचे आहे त्यांना राहणे लाजिरवाणे वाटू नये, एवढी मागणी मात्र रास्त आहे. हे दोन गट कोठे वेगळे होतात हे कोणत्याही शासकीय नोंदीत दिसत नाही. २०२७ मध्ये होणारी जनगणना स्थलांतर करून गेलेल्यांना कारण विचारील. अभ्यासिकेत अकरावे वर्ष काढणाऱ्याला ती काही विचारणार नाही, आणि बटईने वावर कसणाऱ्यालाही नाही. अमरावती विद्यापीठ आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठ यांच्याकडे गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतील प्रत्येक पदवीधराचे नाव आणि मूळ गाव आहे. ती मुले आज कोठे आहेत, त्यांतील किती परतली, परतलेल्यांपैकी किती स्वतःच्या इच्छेने परतली आणि त्यांना परतल्यावर काय अडले, याचा शोध तालुकानिहाय घेणे या दोन्ही विद्यापीठांच्या आवाक्यातले आहे, आणि त्याची सुरुवात खारपाणपट्ट्यातील गावांपासून व्हायला हवी.